चाकावरचा हात

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस जिन्याने वर जातो, याची इमारतीतल्या लोकांना भारी मौज वाटायची. "स्वतःच्या हातचं न जेवणारा आचारी!" असं एक काकू त्याला तोंडावर म्हणाल्या. मिस्त्री हसला आणि धापा टाकत वर गेला. खरं कारण सांगण्यापेक्षा हसं झालेलं परवडलं, असं त्याने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

खरं कारण असं, की लिफ्टच्या बंद डब्यात त्याचा जीव जायचा. म्हणजे जातोय असं वाटायचं. आणि वाटणं म्हणजे किरकोळ गोष्ट, असं ज्याला वाटतं त्याला हे दुखणं कधी झालेलं नाही, एवढं नक्की. आधी छातीत धडधड, मग बोटं बधिर, मग घसा आवळल्यासारखा, आणि शेवटी डोक्यात एकच: आता आपण गेलो. पहिल्यांदा झालं तेव्हा घरच्यांनी दवाखान्यात नेलं. ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली आणि हृदय घोड्यासारखं आहे म्हणून घरी पाठवलं. घरचे निर्धास्त झाले आणि मिस्त्री मात्र जास्तच घाबरला. हृदय ठणठणीत, म्हणजे बिघाड डोक्यात, असं त्याने मनाशी धरलं.

पुढे पुढे डब्याचीही गरज उरली नाही. रस्त्यात, जेवताना, दाढी करताना, कुठेही तो झटका यायचा. आणि यायचा नाही तेव्हा त्याहून वाईट चाले. सकाळी एक मोजा घालून दुसरा हातात धरून तो पलंगाच्या कडेला बसून राही. मुलगी शाळेतली नक्कल करून दाखवी, सगळं घर हसे, आणि याला आपण हसायला हवं एवढंच कळे. बायको म्हणायची, "नीट जेवत नाहीस, दुसरं काय!" थोरल्या भावाने मन खंबीर ठेवायला सांगितलं. सासरे म्हणाले, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. होतं हो, फक्त बोलायची सोय नव्हती! एकूण काय, मिस्त्रीने तोंड उघडलं की समोरच्याच्या तोंडून सल्ला बाहेर पडायचा. मग त्याने तोंड उघडणं सोडलं.

पण कामावर त्याच्या हातात दुसऱ्याचा जीव होता, आणि ही भीती बाकी सगळ्या भीतींना पुरून उरत होती.

त्याचा जोडीदार अंगाने लहान, म्हणून सगळे त्याला बुटका म्हणत. लिफ्टच्या तळाशी जो खड्डा असतो त्यात उतरायचं काम बुटक्याचं. मिस्त्री वर गच्चीतल्या मशीनच्या खोलीत. वीज बंद करून, ब्रेक सैल करणारा दांडा दाबून धरून, मोठं चाक हाताने फिरवायचं, की डबा हळूहळू खाली-वर होतो. डब्याखाली बुटका. दोघे एकमेकांना दिसत नाहीत. तारेचे दोर ज्या भोकांतून जातात त्यातून ओरडायचं. म्हणून दोघांचा एक कायदा होता. खालचा सांगेल ते वरच्याने शब्दाला शब्द परत म्हणायचं. खालचा "बरोबर" म्हणाला, की मगच चाक. "बरोबर" आलं नाही तर जग बुडालं तरी चाक फिरायचं नाही. इतकी वर्षं त्या कायद्यावर दोघे घरी धड जात होते.

मिस्त्रीला रोज वाटायचं, आज बुटक्याला सांगावं. सांगितलं तर चाक हातातून जाणार, आणि चाकाशिवाय आपण कोण? नाही सांगितलं तर एखाद्या दिवशी बुटकाच जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. तो रोज उद्यावर ढकलत राहिला.

त्या दिवशी डबा बोटबोटभर खाली घ्यायचं काम होतं. "खाली घे!" "खाली घेतो!" "बरोबर!" असं चाललं होतं, आणि मधेच ते आलं. खोलीच्या भिंती जवळ सरकल्यासारख्या झाल्या. बोटं बधिर झाली. कानात रक्ताचा आवाज इतका, की बाहेरचं काही आत येईना. इथून पळ, पळ, एवढंच आत कोणीतरी ओरडत होतं. भोकातून कसलासा आवाज वर आला, आणि मिस्त्रीच्या तोंडाने सवयीने म्हणून टाकलं, "खाली घेतो!"

एक हात चाकावर, दुसरा दांड्यावर. तो "बरोबर"ची वाट पाहत राहिला.

आलं नाही.

"काय म्हणालास?" खालून बुटक्याचा आवाज आला, कधी नव्हे इतका बारीक. "थांब म्हणालो मी. हात आत आहे माझा. थांब!"

मिस्त्रीने दांडा सोडला. ब्रेक बसल्याचा ठक्क आवाज झाला. "थांबलो," तो म्हणाला, आणि तिथेच खाली बसला. आपण काय करणार होतो ते त्याला आता दिसत होतं, आणि डोळे मिटले तर जास्तच स्पष्ट दिसत होतं.

बुटका जिने चढून आला तो शिव्या तोंडात तयार ठेवून. "झोपला होतास का लेका? हात गेला असता माझा!" मग त्याने मिस्त्रीचा चेहरा पाहिला. शर्ट घामाने चिंब झाला होता.

"मला वाटतंय मी मरतोय," मिस्त्री म्हणाला. "रोज वाटतं. किती महिने झाले."

बुटका बडबड्या माणूस. पण आता सल्ला सुचेना, थट्टा सुचेना. तेव्हा मिस्त्री इतकी वर्षं वरून जे करत आला होता तेच त्याने केलं.

"तुला वाटतंय तू मरतोयस," तो म्हणाला. "रोज वाटतं. किती महिने झाले."

मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिला. इतक्या महिन्यांत त्याचं वाक्य न मोडता, न दुरुस्त करता कोणी परत दिलं नव्हतं.

"बरोबर," तो म्हणाला, आणि हमसून हमसून रडायला लागला.

रडणं ओसरल्यावर बुटका म्हणाला, "एक सांगतो, राग येऊ दे नाहीतर न येऊ दे. डॉक्टर हो म्हणेपर्यंत तू चाकाला हात लावायचा नाहीस." ज्याला मिस्त्री इतके महिने भीत होता तेच नेमकं झालं होतं. त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "लावणार नाही." "बरोबर," बुटका म्हणाला, आणि त्याला मनाच्या डॉक्टरांकडे स्वतः घेऊन गेला.

गोळ्या सुरू झाल्या. दर आठवड्याला बोलायला जाणं सुरू झालं. जादू झाली असं कोणी समजू नये. झटके विरळ झाले, सकाळी दुसरा मोजा पायात जाऊ लागला. अवजारांची पिशवी वाहणं आणि दारावर 'लिफ्ट बंद'ची पाटी लावणं, एवढंच काम बरेच दिवस त्याच्या वाट्याला आलं. डॉक्टरांनी हो म्हटलं तेव्हा आनंद करायच्या ऐवजी त्याने पुन्हा एकदा विचारून घेतलं.

जिने चढून तो मशीनच्या खोलीत गेला. चाकावर हात ठेवला. खाली, न दिसणाऱ्या खड्ड्यात, बुटका.

"वर घे!"

"वर घेतो!"

पण "बरोबर" आलं नाही. मिस्त्रीने चाक हलवलं नाही. भोकातून आवाज आला, "भीती वाटतेय का रे?"

खोटं बोलणं सोपं होतं. इतके महिने तेच तर केलं होतं.

"वाटतेय!" तो ओरडला.

"वाटतेय!" खालून परत आलं.

"बरोबर!"

"मग वर घे!"

"वर घेतो!"

"बरोबर!"

आणि मिस्त्रीने चाक फिरवलं.