गुरुवारची चाचणी

"काकांची गाडी घाटात दमली," टीमलीड माझ्या मागे कुणाला तरी हळूच म्हणाला, आणि दोघंही हसले.

पडद्यावर मी काढलेला आलेख होता. काका म्हणजे आमच्या ऑफिसातले सगळ्यात जुने इंजिनिअर, जवळच्या भुकूम गावचे. आमची बुकिंगची वेबसाइट ज्या सॉफ्टवेअरवर चालते ते त्यांनी एकसंध बांधलेलं; लॉगिन, पैसे, पावती, सगळं एकाच प्रोग्राममध्ये. टीमलीडने तेच काम छोट्या छोट्या स्वतंत्र सर्व्हिसेसमध्ये वाटून नवं उभं केलं होतं. दोन्हींवर सारखाच लोड, म्हणजे एकाच वेळी ढीगभर बुकिंगं, टाकायचा आणि उत्तर कोण लवकर देतं ते बघायचं, हे काम माझ्याकडे. जे हरेल ते बंद होणार होतं.

"दमंल, पर इतकी न्हाई," ते ऐकून काका आलेखाकडे बघत म्हणाले.

त्यांची रेघ सुरुवातीला बरी होती, मग चढतच गेलेली, म्हणजे उत्तराला वेळ जास्त जास्त लागत गेलेला. खाली वार होता, गुरुवार. नव्याची जुळवाजुळव त्या दिवशी पुरी झाली नाही, म्हणून त्याची चाचणी शुक्रवारी झाली.

गुरुवारी ऑफिसात कुणी नसतं, सगळे घरून काम करतात. चाचणीचं मशीन मोकळं मिळेल म्हणून टीमलीडने तोच वार निवडला. तो नवा आहे; आणि घरून कामाच्या या जुन्या नियमाचं कारण आता इथे कुणाला आठवतही नाही. दर गुरुवारी दुरुस्तीसाठी नेऱ्यात, म्हणजे ऑफिस आहे त्या गावात, लाईट नसते. आमची आई सकाळीच मोटर लावून टाकी भरून ठेवते. ऑफिसच्या जनरेटरवर मशीन चालतं, एसी चालत नाही. बंद खोलीत मशीन तापतं, आणि तापलं की आपोआप मंदावतं.

हे सगळं मला तिथे बसल्या बसल्या कळलं, तरी तोंड उघडेना. सांगायचं तर गुरुवारचं मला कसं माहीत तेही सांगावं लागलं असतं. ऑफिसमागच्या गल्लीतलं, भाडेकरूंच्या खोल्या आणि म्हशींचा गोठा असलेलं घर आमचं आहे, हे इथे कुणालाच ठाऊक नाही. पहिल्याच आठवड्यात काकांनी विचारलं होतं, "हितलीच का गं तू?" मी इंग्रजीत, जवळच राहते, एवढंच म्हणाले. तेव्हापासून ते माझ्याशी अडखळत इंग्रजीतच बोलतात.

"ठरलं मग, जुनं बंद करू," टीमलीड म्हणाला.

काकांनी लॅपटॉप मिटला. जाता जाता माझ्यापाशी थांबले. "गुड ग्राफ," म्हणाले. "व्हेरी क्लीन."

माझे कान तापले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"काका, थांबा," मी म्हणाले. "आमच्या नेऱ्यात गुरुवारी लाईट नसते. एसी बंद होता. चाचणी परत घ्यावी लागेल."