दिवा नसताना दाबलेलं बटण

काचबिंदूच्या तपासणीत मी चक्क कॉपी केली. एका डोळ्यावर पट्टी, समोर मोठी पांढरी वाटी. तिच्यात कुठंही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. दिवे बराच वेळ दिसेनात. मी पडलो मास्तर, नापास कसा होणार? अंदाजानं बटण दाबत सुटलो. बाहेर येऊन बायकोला म्हणालोसुद्धा, "पैकीच्या पैकी!"

डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा वयाच्या. बायकोसमोरच निकालाचा कागद बघून हसल्या. "काका, दिवा नव्हता तेव्हाही तुम्हाला दिसलाय. मशीनला कळतं ते. पुन्हा बसा."

दुसऱ्यांदा प्रामाणिकपणे बसलो. उजव्या डोळ्याचा एक कोपरा काळा निघाला.

"गेलं ते परत येत नाही," त्या म्हणाल्या. "उरलंय ते राखायचं."

मला वडील आठवले. त्यांनाही हेच. त्या काळी दिवसातून चारदा थेंब. कचेरीत, एसटीत, वेरूळला दर्शनाच्या रांगेतसुद्धा मान वर करून थेंब. घातले की कपाळ ठणकायचं, डोळ्याची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी व्हायची, अन् दिवेलागणीला घरातलं माणूस ओळखू यायचं नाही. मग ते गुपचूप थेंब चुकवू लागले. "आता लई बरं दिसतंय," म्हणायचे, तेवढ्यापुरतं दिसायचंही. पुढं ऑपरेशन केलं, तोवर उशीर झाला होता. शेवटी शेवटी ताटात भाजी कुठं, हे आई त्यांना सांगायची.

"मग मलाही चारदा?" मी घाबरतच विचारलं.

"आता रात्री एकदाच घालायचे थेंब आलेत. पण तुम्हाला आधी लेसर करून बघू."

लेसर म्हणजे काय, तर हनुवटी टेकवून बसायचं अन् हिरवा लखलखाट बघायचा. कपातला चहा निवेपर्यंत झालंसुद्धा.

"सुटलो बुवा!" मी म्हणालो.

"सुटला नाहीत, काका. डोळ्यातला दाब पुन्हा वाढू शकतो, अन् तो तुम्हाला जाणवणार नाही. तपासणी जन्मभर."

बाहेर आलो. मी स्कूटरची किल्ली काढली, ती बायकोनं हातातून काढून घेतली.

"अहो, दर तपासणीला मी येणार," ती म्हणाली. "काय दिसतं, काय दिसत नाय, ते मला खरं खरं सांगायचं. अन् आता मागं बसा. पडेगावचं घर येईपर्यंत रस्ता सांगू नका."