देवळापुढच्या रस्त्याने व्यायामाला

शोभाताईंची आणि माझी पहिली भेट आंजी गावच्या शाळेच्या मैदानावर झाली. मी नवा क्रीडाशिक्षक, त्या त्याच शाळेतून निवृत्त झालेल्या. गावातल्या बायकांचा व्यायामवर्ग त्या रोज सकाळी घेत. मी मदतीला जाऊ लागलो. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायला बसलो खरा, पण त्यांच्याकडून नेमके काय शिकलो हे मला अजूनही धड सांगता येत नाही.

गावाबाहेरच्या दलित वस्तीतल्या कांताबाई वर्गाला येत नसत. पोलिओने त्यांचा एक पाय अधू. मी खुर्चीवर बसून करायचे व्यायाम बसवले. त्या मजुरीला जातात म्हणून ताईंनी वर्ग संध्याकाळी घेतला. तरी त्या आल्या नाहीत. माझी अक्कल इथेच संपली. ताई मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या.

"काऊन येत नाई, कांता?"

"जवळचा रस्ता देवळापुढून जाते, बाई. आमच्या वस्तीतल्या बाया तिथून गेल्या का लोक बोलतात. मनून बाकीच्या नाल्याकडून फिरून येतात. माह्या पायानं तेवढं चालनं होत नाई."

मी गोंधळलो. वस्तीतल्या बाकीच्या बायका लांबून येत होत्या. गावातल्या एक लंगडणाऱ्या आजी जवळच्या रस्त्याने येत होत्या. कांताबाईंना मात्र दोन्ही वाटा बंद होत्या, आणि आम्ही खुर्च्या मांडत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी ताई कांताबाईंना देवळापुढूनच घेऊन निघाल्या. पारावरून एकाने विचारले, "इकडून कुठं, बाई?"

"कसरतीले चाललो. तुमच्या घरच्या बायांलेही पाठवजा."

कांताबाईंचा हात ताईंच्या हातात होता. ताईंनी तो मैदानापर्यंत सोडला नाही.

हळूहळू वस्तीतल्या इतरजणीही त्याच रस्त्याने येऊ लागल्या. गावातल्या काहीजणींनी मात्र येणे बंद केले. ताई एकेकीच्या घरी जाऊन आल्या. काही परतल्या, काही नाही.

"ताई, आपलं बरोबर झालं की चुकलं?" मी विचारले.

"मलेही पुरतं समजत नाई, सर. पण कांताले घरीच राह्य म्हननं मले जमत नाई."

हल्ली वर्गात आकडे कांताबाई मोजतात. सातानंतर एकदम नऊ म्हणतात. ताईही नऊ म्हणतात. आम्ही सगळे नवावर जातो.

ताईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. मला त्यांना अजून बरेच विचारायचे आहे.