पाणमांजरांच्या दरडीपाशी

भीमेला गटार समजून साखर कारखान्याची मळी सोडणाऱ्यांविरुद्ध पत्रक काढायचं, म्हणून मी नदीकाठच्या राहू गावाला गेलो. नदी दाखवायला एक म्हातारा भोई तयार झाला. गूळ करायची जुनी काहील हीच त्याची होडी.

"मधी बसा. हाललात तर दोघंबी पान्यात!"

वाटेतले मेलेले मासे तो वल्ह्यानं हळूच बाजूला सारी, निजलेल्या पोराला सारावं तसे. एका दरडीपाशी तो थांबला.

"बोलू नगा. हितं पाणमांजरं ऱ्हात्यात."

"कधी दिसली, आबा?"

"पानी काळं झाल्यापासनं न्हाई."

मी चिडलो. "मग गप्प कुणासाठी बसायचं?"

"माघारी आली असली तर? आपल्या आवाजानं परत जायाची."

दरडीतल्या बिळाच्या तोंडावर कोळिष्टक होतं. ते त्यालाही दिसत असणारच. मी गप्प बसलो.