बँड कुणी मोडला

आमचं घर लोणावळ्याच्या बाहेर, दरीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या शेवटच्या वळणावर आहे. वरच्या चार खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. खाली मी, नवरा आणि सासूबाई राहतो. घरामागे थोडी मोकळी जागा, तिच्यापुढे गवताचा उतार, आणि उतार संपतो तिथे कडा. मी कान्हे गावची, सपाटीवर वाढलेली. लग्न होऊन आले तेव्हा वर्षभर त्या बाजूला पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात एका शनिवारी पुण्याहून तिघं मित्र राहायला आले. तिघंही पंचावन्नच्या आसपासचे. एक बँकेतले, जाड चष्म्याचे. दुसऱ्यांच्या पाठीवर गिटार होती. ते मुलांना गिटार शिकवायचे. तिसरे परदेशात स्थायिक झालेले, खूप वर्षांनी आलेले. कॉलेजात तिघांचा मिळून बँड होता, हे त्यांनी चहा येण्याआधीच सांगून टाकलं. परदेशवाले ड्रम वाजवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बेडशाची लेणी बघून, चिंब भिजून आले, आणि जेवून दुपारी खालच्या ओसरीत बसले. नवरा दुसऱ्या पाहुण्यांना सोडायला मुंबईच्या विमानतळावर गेला होता. मी भजी तळत होते.

प्रश्न चष्मेवाल्यांनी काढला. अगदी सहज. "सगळ्यांत मोठा रॉक बँड कोणता? एकच नाव सांगायचं."

परदेशवाल्यांनी लगेच एक नाव घेतलं. म्हणाले, पन्नास वर्षं झाली, म्हातारे झालेत, तरी अजून स्टेडियम भरतात. टिकून दाखवणं हीच खरी परीक्षा.

"टिकण्यावर ठरवायचं तर नगरपालिका सगळ्यांत मोठा बँड," गिटारवाले म्हणाले. चष्मेवाले खो खो हसले. मीही कढईपाशी हसले. मग गिटारवाल्यांनी आपला बँड सांगितला. तो आठच वर्षं चालला, पण त्या आठ वर्षांत गाणं म्हणजे काय हेच बदलून गेलं, असं त्यांचं म्हणणं. स्पीकरवर त्यांनी एक गाणं लावलं, मधेच थांबवलं, "हे ऐक, हा सूर ऐक," म्हणत पुन्हा लावलं. परदेशवाल्यांनी स्पीकर ओढून घेऊन स्वतःचं लावलं.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण माणसं इतक्या जिवानं भांडायला लागली की ऐकत राहावंसं वाटतं. भज्यांची दुसरी खेप तळून झाली तरी मी ती बाहेर नेली नाही. दाराआड उभी राहिले.

"भांडत्यात का गं ते?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"नाही आत्या, गाण्यावरनं चाललंय."

"गान्यावरनं येवढं? लय झालं."

हे नुसतं गाण्यावरनं नाही, हे त्यांना आधी कळलं, मला नंतर. कारण पुढच्या वाक्याला परदेशवाल्यांचा आवाज चढला. "तुझा बँड मोडला. स्वतःला सांभाळता आलं नाही त्यांना. तो श्रेष्ठ कसा?"

"बँड आपोआप मोडत नाही," गिटारवाले म्हणाले. "कुणीतरी मोडतं."

स्पीकरवर गाणं चालू होतं, ते चष्मेवाल्यांनी बंद केलं. "अरे, सोडा ना," म्हणाले. कुणी सोडलं नाही.

"सरळ बोल."

"सरळच बोलतोय. स्पर्धेला आठ दिवस होते. मी तुझ्या घरी आलो, तर तुझी आई म्हणाली, तो कालच परदेशी गेला."

"वडील गेले होते त्या वर्षी. घर कोण चालवणार होतं?"

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस?"

"नसतं दिलं," गिटारवाले म्हणाले.

इथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण परदेशवाले थांबले नाहीत. म्हणाले, "तसाही आपला बँड कुठे जाणार नव्हता. तू बघ ना. अजून पोरांना तेच तीन कॉर्ड शिकवतोयस."

"शिकवतो. मला शिकवता येतं. तुला निघून जाता येतं. ज्याला जे जमतं ते."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. परदेशवाले माझ्या समोरून, स्वयंपाकघराच्या दारावरून मागच्या अंगणात गेले. अंगावर साधा शर्ट, पायात चपला. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तिकडे उतार निसरडा आहे, पुढे जाऊ नका, एवढं मी म्हणायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा बघून मला चोरून ऐकल्याची लाज वाटली. मी खाली बघितलं.

साडेचार वाजले होते. अर्ध्या तासानं मी भांडी घासायला मागे गेले, तर अंगणातली तुळसही दिसत नव्हती. धुकं असं आलं होतं की हात लांब केला तर बोटं पुसट व्हावीत. मी दोन-तीनदा "साहेब" म्हणून हाक मारली. उत्तर नाही. ओसरीत आले. त्यांचा रेनकोट खुर्चीवर, फोन चार्जिंगला.

"ते अजून आले नाहीत," मी म्हणाले.

"येईल," गिटारवाले म्हणाले. ते गिटारची तार पिळत होते. "त्याला जायची सवय आहे."

"दादा, मागे दरी आहे."

त्यांचा हात थांबला. चष्मेवाले उठून उभे राहिले. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. "मागे म्हणजे किती मागे?"

"दोनशे पावलं."

मी नवऱ्याला फोन लावला. तो लोणावळ्याच्या जवळपासही नव्हता, घाटाखालीच अडकला होता. "दरीतून माणसं काढणारी पोरं आहेत ना, त्यांना लाव," म्हणाला. लावला, तर ती दुसऱ्या पॉइंटवर गेली होती, पोहोचायला दीड तास लागणार होता. दीड तासात अंधार. दर पावसाळ्यात आमच्या भागात कुणी ना कुणी दरीत जातं, आणि मग ते ज्या घरी उतरलेलं असतं त्या घराकडे लोक बोट दाखवतात. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात आधी आमच्या घराचा विचार आला, त्या माणसाचा नंतर. तसा विचार आला हे मी विसरलेले नाही.

सासूबाई तोवर मोठी परात आणि उलथनं घेऊन बाहेर आल्या होत्या. "हाका नगं मारू. धुक्यात हाक कुटनं येती ते कळत न्हाई. ह्यो आवाज कळतो." आणि त्या परात बडवायला लागल्या. बडवायच्या, थांबायच्या, कान द्यायच्या. मी ताडपत्री बांधायचा जाड दोर आणि एक काठी घेतली. चष्मेवाल्यांना सासूबाईंजवळ थांबवलं, म्हणजे परतताना अंगण सापडेल. गिटारवाले माझ्यामागून आले.

आम्ही पावलापावलानं सरकत होतो. मी काठीनं पुढची जमीन चाचपत होते. गवताखाली चिखल, चिखलाखाली शेवाळलेला कातळ. मागे परात वाजायची आणि थांबायची. ती थांबली की नुसतं पाणी ऐकू यायचं. गिटारवाले आधी हाक मारत नव्हते. मग एकदम त्यांनी ड्रमवाल्या मित्राचं कॉलेजातलं टोपणनाव घेतलं, आणि त्यांचा आवाज मधेच फाटला.

खालून, डाव्या बाजूनं, उत्तर आलं. "इकडे."

एका जांभळीच्या पलीकडे उतार तुटला होता. दहा-बारा फूट खाली कारवीच्या झुडपांत ते अडकून बसले होते, एक पाय वेडावाकडा दुमडलेला. त्यांच्याखाली काय आहे ते धुक्यामुळे मला दिसत नव्हतं, पण माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही.

"हलू नका. अजिबात हलू नका."

"हलत नाहीये," ते म्हणाले. दात वाजत होते. "एवढा बेताल कोण वाजवतंय? माझं डोकं उठलं."

कुणी हसलं नाही. मी दोर जांभळीच्या खोडाला दोन फेर घालून बांधला आणि टोकाला फास करून खाली सोडला. पहिल्यांदा तो झुडपात अडकला. दुसऱ्यांदा त्यांच्या हाताला लागला. "काखेतून घ्या," मी म्हणाले. ते घेत असताना एक झुडूप मुळासकट निघालं आणि खाली गेलं. ते पडल्याचा आवाज आला नाही. तेव्हा त्यांनी वर बघितलं, आणि माझ्याकडे नाही, मित्राकडे बघितलं.

गिटारवाले चिखलात पोटावर आडवे पडले होते. दोर त्यांनी मनगटाला गुंडाळून घेतला. मी "असं नको, मनगट मोडेल," म्हणाले, ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. आम्ही दोघं ओढत होतो. त्यांचा श्वास माझ्या कानाजवळ घुसमटत होता. एकदा माझा पाय सरकला आणि दोर हातभर खाली गेला. खालून नुसता "अरे" असा आवाज आला. किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. आधी हात आला, मग डोकं, मग गिटारवाल्यांनी त्यांच्या शर्टाची कॉलर धरली आणि सोडलीच नाही. अंगणात येईपर्यंत मुठीत कॉलर होती.

सासूबाईंनी परात खाली ठेवली आणि त्या परदेशवाल्यांना सगळ्यांसमोर बोलल्या. "येवढं केस पिकलं, आन् कळंना व्हय? घरी वाट बघनारं हाय का न्हाई कुनी?"

"आहे, मावशी," ते म्हणाले आणि पायरीवर बसून रडायला लागले. चष्मेवाले त्यांच्या अंगावर चादर टाकत होते, ती घसरत होती. गिटारवाले थोडे दूर उभे राहून आपलं सुजलेलं मनगट बघत होते. ते जवळ गेले नाहीत. मला वाटलं होतं, आता मिठी मारतील. तसं काही झालं नाही. ते फक्त म्हणाले, "पाय दाखव," आणि वाकून चप्पल काढली.

ती पोरं आली, त्यांनी पाय बांधून दिला. नवरा आला तेव्हा मी त्याला सगळं उलटसुलट सांगितलं. सकाळी तिघं गेले.

त्यानंतर जानेवारीत गिटारवाले एकटेच आले, दोन विद्यार्थी घेऊन. मनगट बरं झालं होतं, पण थंडीत दुखतं म्हणाले. मित्र परत गेला होता. फोन येतो का, मी विचारलं. "महिन्यातनं एकदा. मीही करतो," म्हणाले. "त्या दिवसाबद्दल बोलत नाही. त्याच्या मुलीच्या परीक्षा, माझं ब्लडप्रेशर, असलंच."

मग मी भीत भीत माझं सांगितलं. मी म्हणाले, तुमचे मित्र माझ्यासमोरून गेले, मी थांबवलं नाही. दाराआड उभी राहून मजेनं ऐकत होते.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मला तर उठायला अर्धा तास लागला," म्हणाले.

आता जांभळीच्या अलीकडे आम्ही तारेचं कुंपण घातलंय. पाहुणे आले की सामान ठेवायच्या आधी मी त्यांना मागे नेते, कुंपण दाखवते आणि धुकं उतरलं तर इकडे यायचं नाही, असं बजावते. काही जण हसतात. हसले तर मी पुन्हा सांगते.