लॅबमधलं अर्धवट अपडेट

"शुभाताई, स्क्रीन काळी झालीय आणि खाली 'कर्नल पॅनिक' असं काहीतरी आलंय. काय करू?"

सकाळी साडेआठला डॉ. सावेंचा फोन. मीरा रोडला, सिल्व्हर पार्कमध्ये त्यांची पॅथॉलॉजी लॅब आहे. तिथल्या मुख्य कॉम्प्युटरवर तीन महिन्यांपूर्वी मीच लिनक्स टाकलं होतं. लिनक्स म्हणजे फुकट मिळणारी आणि कोणालाही उघडून बघता, बदलता येणारी सिस्टिम. फुकट असली तरी तिची देखभाल करावी लागते, आणि तो माझा धंदा.

"कशालाही हात लावू नका. येतेय मी," म्हटलं आणि भाईंदर पश्चिमेहून रिक्षा पकडली.

काउंटरवर चाळिशीचे एक गृहस्थ घामाघूम होऊन उभे होते. त्यांच्या आईचं अकरा वाजता ऑपरेशन. भूल देण्याआधी रक्ताचा रिपोर्ट हवा होता. तो आदल्या संध्याकाळी तयार झाला आणि याच कॉम्प्युटरमध्ये अडकला.

"परत सॅम्पल घेऊ या," डॉक्टर म्हणाले.

"सर, काल शीर सापडेना म्हणून चार वेळा टोचलंय तिला. आता नको हो."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "ताई, सगळं फॉर्मॅट करा. आधी होतं तेच परत टाका. मला हे लिनक्स नकोच."

"फॉर्मॅट केलं तर रिपोर्टही जाईल. दहा मिनिटं द्या, मग हवं ते बोला."

मी शांत होते, कारण रिपोर्ट कुठेही गेलेला नाही याची मला खात्री होती. कर्नल हा सिस्टिमचा मुकादम. मशीनच्या प्रत्येक भागाकडून तोच काम करून घेतो. अपडेटमध्ये नवा मुकादम येतो, पण लिनक्स जुन्याला लगेच घरी पाठवत नाही. नवा बिघडला तर जुन्याला बोलवायचं. कॉम्प्युटर सुरू होताना एक बटण दाबून धरलं, मेनू उघडला, जुना कर्नल निवडला. मिनिटभरात लॅबची नेहमीची स्क्रीन समोर.

सव्वानऊला रिपोर्ट छापून निघाला. गृहस्थांनी तो घेतला आणि थँक्यूसुद्धा न म्हणता धावत सुटले. मला त्याचं काही वाटलं नाही, उलट हायसं वाटलं.

अर्धवट राहिलेलं अपडेट मी पुरं केलं. पण ते अर्धवट राहिलंच कसं? लॉग उघडला. लॉग म्हणजे मशीनची रोजनिशी. लॅब रात्री आठला बंद होते, म्हणून मी अपडेटची वेळ सव्वाआठ ठेवली होती. आणि रोजनिशीत दिसत होतं की गेले तीन महिने रोज रात्री साडेआठच्या आत कॉम्प्युटर धाडकन बंद पडतोय.

"संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करता का?" मी डॉक्टरांना विचारलं.

"छे! तुम्हीच चालू ठेवायला सांगितलंत. सकाळी बंद असतो खरा. मला वाटलं, अपडेट झालं की आपोआप होत असेल."

फरशी पुसणाऱ्या हिरामावशी थांबल्या. भाईंदरच्या कोळीवाड्यातल्या. रात्री लॅब झाडून, कुलूप लावून जाणाऱ्या त्याच.

"फ्रिजचा सोडून मेन मीच बंद करते ना," त्या म्हणाल्या. "रोज. शॉर्टसर्किट झालं तं? आमच्या पाड्यात असंच एक घर जळलं हाय. मना कोणी सांगितलंच न्हाय."

म्हणजे मेन बंद झाल्यावर यूपीएसच्या बॅटरीवर कॉम्प्युटर जेमतेम पंधरा मिनिटं तग धरायचा. रोजची छोटी अपडेट्स तेवढ्यात उरकत. काल नवा कर्नल आला, वेळ जास्त लागला, आणि मधेच बॅटरी संपली.

डॉक्टर भडकले. "मावशी, एवढं महागाचं मशीन..."

"त्यांना बोलू नका," मी म्हटलं. "चूक माझी आहे."

खरंच होती. डॉक्टरांना मी पानभर सूचना लिहून दिल्या होत्या. ज्यांच्या हातात मेन स्विच, त्यांना एक शब्द विचारला नव्हता. पंचवीस वर्षं हे काम करून असा गाढवपणा! स्वतःचीच चीड आली.

"मावशी, दिवसा लॅब कधी रिकामी असते?"

"दोन ते तीन. सगली जेवाला जातात. मी इथंच असते."

अपडेट आता दुपारी दोनला होतं. मेन रात्री बंदच होतो, आणि तो व्हायलाच हवा. डॉक्टरांनी लिनक्स काढायचं नाव पुन्हा घेतलं नाही.

नव्या ठिकाणी काम घेताना मालक मला कॉम्प्युटर दाखवायला नेतात. हल्ली मी आधी विचारते, कुलूप कोण लावतं?