बुडणाऱ्यांचे डोळे

इंदूरच्या अन्नपूर्णा भागातल्या आमच्या घरात समुद्र कुणीच पाहिलेला नाही, पण भिंतीवर एक समुद्र आहे. आजोबा महूला फौजेत होते. तिथल्या एका साहेबाच्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं तेव्हा ते चित्र त्यांनी घरी आणलं. विलायतेतल्या जुन्या चित्राची कुणीतरी केलेली नक्कल. डोंगराएवढी लाट, मोडलेलं जहाज, आणि त्याच्याकडे निघालेली बचावाची नाव.

मी चळवळीच्या पत्रकांवर वाढले. वडील ती छापून आणत आणि आम्ही फरशीवर बसून घड्या घालत असू. त्यामुळे चित्राशीही मी भांडायचे. त्या काळच्या चित्रकारांना वादळाचं भारी वेड. उजेड सगळा नावेवर, वल्हवणाऱ्यांच्या दंडांवर. बुडणाऱ्यांच्या वाट्याला पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका. दुसऱ्याचं शौर्य दिसावं म्हणून माणसं बुडवायची, असं मी म्हणायचे.

आई ऐकून घ्यायची. तिचा धाकटा भाऊ नर्मदेत वाहून गेला होता. बोटी फिरल्या, जाळी टाकली, तो सापडला नाही. आमच्याकडे गेलेल्यांचे फोटो हार घालून भिंतीवर लागतात. मामाचा फोटो आईने लावू दिला नाही. त्याचा नंबर बंद पडू नये म्हणून ती त्यात रिचार्ज टाकत राहायची.

मागच्या उन्हाळ्यात चित्र धुराने पार काळं पडलं, तेव्हा वडिलांचे एक मित्र ते साफ करायला घेऊन गेले. ते जयंतीच्या मिरवणुकीचे बॅनर रंगवतात. आता सगळीकडे फ्लेक्स आहे, तरी काही वस्त्या अजून हाताने रंगवलेलंच मागतात. काकांचा एक नियम आहे. माणूस कितीही मागच्या रांगेतला असो, त्याला डोळे घालायचेच. मला हा नियम फार पटतो. तोच नियम ते समुद्रातल्या माणसांनाही लावतील, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

भर दुपारी चित्र परत आलं. काकांनी ठिपक्यांना चेहरे दिले होते. पाण्यातला प्रत्येक जण डोळे उघडे ठेवून बघत होता. नावेकडे नाही, आमच्याकडे.

आईने पुढे होऊन लाटेखालच्या एका चेहऱ्यावर बोट टेकवलं. तो मामा होता. डाव्या भुवईतल्या खोकेसकट.

काका इंदूरला आले ते मामा वाहून गेल्यानंतर. त्याचा फोटोही त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"ताई, काळं पुसलं तर खाली चेहरा होताच," ते म्हणाले. "मी फक्त डोळे घातले."

आई रडली नाही. नावेत जागा आहे ना, याला वर घ्या, एवढंच तिने सांगितलं. मी मधे पडले. खोटा बचाव रंगवू नका, बुडालेला माणूस बुडालेलाच दाखवा, असं बरंच बोलले.

"ए पत्रकवाली, जरा चुप बैठ," काका म्हणाले आणि रंग कालवायला लागले.

ब्रश नावेच्या काठाला टेकणार, तोच आईने त्यांचा हात धरला.

"राहू द्या, भाऊ. नावेत बसवलं तर मी परत वाट बघत बसेन. ही नाव इतक्या वर्षांत कुठे पोचलीय?" मग म्हणाली, "त्याचे डोळे मिटा."

काकांनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला. कुणाचे डोळे मिटायची वेळ त्यांच्यावर याआधी आली नसावी. त्यांनी हळूच पापण्या ओढल्या. ओला रंग बसत गेला तसा तो चेहरा आमच्या ओळखीचा राहिला नाही. भुवईतली खोक होती, पण ती कुणा परक्याची. बाकीचे तसेच टक लावून बघत होते.

"गेला," आई म्हणाली. मामाबद्दल हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.